सातवा रकाना

आमच्या संस्थानाचं नाव मी सांगणार नाही. त्याचे वारस सज्जन आहेत आणि सांगलीच्या बाजारात अजून भेटतात. एवढंच सांगतो, की सातारा जिल्हा आणि सांगली यांच्या मधल्या मुलखात तेव्हा संस्थानं सांडलेल्या लाह्यांसारखी पसरली होती. चार गावं इथं, दोन तिथं, आणि मधे इंग्रजांचा खालसा मुलूख. सकाळी सायकलवर निघालेला माणूस जेवायच्या वेळेपर्यंत तीन राज्यांतून फिरून यायचा आणि त्याला कुणी काही विचारत नसे. हे न विचारणंच आमच्या रावसाहेबांना खुपलं.

रावसाहेब म्हणजे संस्थानचे कारभारी. त्रेचाळीस सालची गोष्ट. बाहेर लढाई चालू होती आणि आमच्याकडे काहीच चालू नव्हतं, याचं त्यांना वाईट वाटत असावं. परक्या देशात नोकरी करायची तर तिथल्या सरकारचा परवाना लागतो, असं त्यांनी वर्तमानपत्रात वाचलं. आठवड्याच्या आत जाहीरनामा छापून आला: संस्थानच्या हद्दीबाहेर जन्मलेला जो कोणी संस्थानात काम करील तो परमुलुखी नोकर समजावा, आणि त्याने परवाना काढावा. खाली राजेसाहेबांची मोहोर.

अर्जाचा नमुना तयार केला मी. मी चिंतामण, कचेरीतला कारकून. पट्टीनं रेघा मारून अकरा रकाने आखले. त्यातल्या सातव्याचा मला फार अभिमान होता. तो असा: "अर्जदारास असे कोणते काम येते, जे संस्थानच्या प्रजेपैकी कोणास येत नाही?" शिवाय या रकान्याचं उत्तर गावच्या पाटलानं स्वतःच्या हस्ताक्षरात द्यायचं होतं. रावसाहेबांनी माझी पाठ थोपटली. घरी मी तो रकाना बायकोला मोठ्यानं वाचून दाखवला. शरयू भाजी निवडत होती. म्हणाली, "छान आहे. पण हे विचारणार कुणाला?"

बायकांना राज्यकारभारातलं काही कळत नाही, असं मी तिला सांगितलं. आज सांगितलं नसतं.

पहिले अर्जदार आले रामगोंडा पाटील. साठीचे गृहस्थ, जैन शेतकरी, डोक्याला पांढरा पटका. हद्दीवरच्या एका गावची पाटीलकी त्यांच्याकडे होती आणि गावातल्या सात घरांचा ऊस त्यांच्याच गुऱ्हाळावर गाळला जाई.

"आवं भाऊसाहेब, आमचा गुळव्या आकाराम पल्याडचा हाय, खालशातला. बावीस वरसं येतोय. आता म्हनं त्येला परवाना लागतोय?"

"लागतो."

"मग द्या की."

गुळव्या हा गुऱ्हाळाचा राजा. रस किती आटवायचा आणि काहील, म्हणजे रसाची मोठी पसरट कढई, चुलवाणावरून नेमकी कधी उतरायची, हे तोच ठरवतो. क्षणभर आधी उतरली तर गूळ धरत नाही, क्षणभर उशीर झाला तर करपतो. हे मला आज ठाऊक आहे. तेव्हा मला फक्त रकाने ठाऊक होते.

"जन्मतारीख?" मी विचारलं.

"किस्नामाईचं पानी देवळात शिरलं हुतं, त्या साली."

"तारीख पाहिजे."

"मग पान्यालाच इचारावं लागंल."

"उद्या या," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी सांगितलं, की अर्जदाराचा अंगठा माझ्यासमोर उठायला हवा. पाटील म्हणाले, आकारामाला घेऊन येतो. मी म्हणालो, परवाना नसताना तो कामासाठी हद्दीत पाऊल कसं टाकणार? मग शाईची पेटी घेऊन मीच हद्दीपर्यंत गेलो आणि अंगठा आणला. तिसऱ्या दिवशी सातवा रकाना निघाला. "पाटील तर मीच हाय," ते म्हणाले. पण ते मालकही होते, आणि मालकानं आपल्याच कामाला दाखला द्यायचा नसतो. "शेजारच्या गावच्या पाटलाकडून आणा. उद्या या."

दर खेपेला ते सात मैल चालत यायचे. मी त्यांना एकदाही बसा म्हटलं नाही. कचेरीत बाक नव्हता असं नाही. बाकावर दप्तरं ठेवली होती.

चौथ्या दिवशी सगळं पुरं झालं, तेव्हा मी नोटीस लावली. संस्थानच्या प्रजेपैकी कुणाला गूळ करता येत असेल तर त्यानं आठ दिवसांत कळवावं, नाहीतर परमुलुखी माणसाला परवाना मिळेल. पाटलांच्या तोंडचं पाणी पळालं.

"भाऊसाहेब, ऊस तुऱ्यावर आलाय. आजून पंधरा दीस गेलं, तर आतनं पोकळ हुईल. सात घरांचं वरीस हाय त्यात."

"नियम आहे," मी म्हणालो. खोटं कशाला बोलू, म्हणताना बरं वाटलं होतं.

सातव्या दिवशी दादासो हजर झाला. अंगात कोट, खिशाला फाउंटन पेन, त्यात शाई नाही. आपण गुळव्या असल्याचा पुरावा म्हणून त्यानं मामाचं नाव सांगितलं. मामा गुळव्या होता. रावसाहेबांनी हुकूम दिला, आधी आपला माणूस, मग परका.

दादासोची पहिली काहील अशी करपली की ढेप फोडायला पहार आणावी लागली. दुसरी धरलीच नाही. तो गूळ सकाळी या घमेल्यात ओतला तर संध्याकाळी त्या घमेल्यात जाई. पाटलांनी दोन्हींचे नमुने कचेरीत आणून ठेवले. रावसाहेबांनी काळा नमुना चष्मा लावून पाहिला आणि शेरा मारला, "तिसरी संधी द्यावी." काळ्या ढेपेचा उपयोग मी पुढे कागद उडू नयेत म्हणून करत असे.

मग मंगळवारी बातमी आली, की पाटलांच्या गुऱ्हाळावर सोन्यासारखा गूळ पडतोय. पाठोपाठ दादासोची तक्रार: परका इसम विनापरवाना काम करतो. रावसाहेबांनी मला पंचनाम्याला धाडलं.

गुऱ्हाळ हद्दीच्या दगडापासून वीस पावलांवर. मी सायकल टेकवली आणि बघतच राहिलो. चरक फिरत होता, काहील उकळत होती, माणसं मळी काढत होती. आकाराम मात्र हद्दीच्या पलीकडे, खालसा मुलखात, बाभळीखाली मांडी घालून बसला होता. सत्तरीला आलेला, काळा, किडकिडीत माणूस, डोळे मिटलेले. वाऱ्यावर येणारी वाफ तो हुंगत होता.

"रामगोंडा, जाळ कमी करा रं! ढवळा. तळ सोडू नगा!"

मग एक गडी पळीत पाक आणि दुसरा वाटीत गार पाणी घेऊन दोन राज्यांमधलं अंतर धावत पार करी. आकाराम पाण्यात पाकाची धार सोडून दोन बोटांनी गोळी करी, दगडावर टाकून तिचा आवाज ऐके, आणि ओरडे, "आजून न्हाई!" गडी परत पळे. चौथ्या खेपेला तो उठून उभा राहिला. "उतरा! उतरा गड्या, उतरा!" आणि सहा माणसांनी काहील उतरवली.

मी पिशवीतून कागद काढले. तेवढ्यात पाटील रसाचा पेला घेऊन पुढे आले.

"पाटील, मी सरकारी कामावर आलोय. तुमच्याविरुद्ध."

"असूं द्या की. आदी रस घ्या. गुऱ्हाळावर आलेलं मानूस तसंच माघारी जात न्हाई. आमच्यात तशी रीतच न्हाई."

स्वतःच्या हातांनी घोंगडी झटकून त्यांनी मला बसवलं. मी रस घेतला. आलं आणि लिंबू पिळलेला रस होता. दुसरा पेलाही घेतला. मग पंचनामा लिहायला बसलो आणि माझी पंचाईत झाली. इसमाचे पाय खालसा मुलखात. इसमाचा आवाज संस्थानात. आवाजाला परवाना लागतो काय? आणि पळीतला पाक हद्दीपार जातो, ती निर्यात समजावी काय? दोन्ही प्रश्न मी लिहिले, आणि 'आज्ञा व्हावी' असं लिहून शेवट केला.

मग हद्दीच्या दगडाशी जाऊन आकारामाला विचारलं, "तक्रार कुणी केली माहीत आहे का?"

"दादासोनं. त्यो आमच्याच गावचा."

"तुमच्या गावचा कसा? तो संस्थानचा आहे."

"ऱ्हातोय तिकडं. पन त्येच्या आईचं म्हायार आमचं गाव. पयल्या बाळंतपनाला आल्ती, तवा आमच्या गल्लीत जल्मला. मी सोता गूळ वाटलाय."

माझ्या हातातला टाक थांबला. हद्दीबाहेर जन्मलेला जो कोणी, असं जाहीरनाम्यात लिहिलं होतं. आमच्याकडच्या बायका बाळंतपणाला माहेरी जातात, हे लिहिताना रावसाहेबांच्या लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही. आणि या मुलखात निम्मी माहेरं हद्दीपलीकडची. म्हणजे निम्मी प्रजाच परमुलुखी!

आकाराम डोळे बारीक करून माझ्याकडे बघत होता. "भाऊसाहेब, तुमचं गाव कंचं?"

"वाई," मी म्हणालो.

"वाई मंजी साताऱ्याकडं. खालशातच की." तो जरा विचारात पडला. "मग तुमी कुटं बसून काम करता?"

गडी हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

कचेरीत परत येऊन मी रावसाहेबांना सगळं सांगितलं. दादासोचं ऐकून ते हसले. माझं ऐकून हसायचे थांबले. मग त्यांना स्वतःचा सातारा आठवला, आणि त्यांनी घोटभर पाणी मागितलं. मोजदाद केली तेव्हा कचेरीतल्या तेरा माणसांपैकी अकरा परमुलुखी निघाली. उरलेले दोघे शिपाई होते. जाहीरनामा मागे घ्यावा तर मोहोर राजेसाहेबांची. ठेवावा, तर दादासोला एवढं कळायचा अवकाश, की त्याची पुढची तक्रार आमच्यावर. आणि परवाना नसलेल्या नोकराला आठ दिवसांत हद्दपार करावं, हे कलमही मीच सुचवलं होतं.

"सगळ्यांनी अर्ज भरा," रावसाहेब म्हणाले. "त्या गुळव्याचा परवाना आधी द्या. आणि चिंतामण, सातवा रकाना काढून टाकता येईल का?"

"नाही, साहेब. छापला आहे."

आमच्या कचेरीच्या गावचा पाटील आजोळी, वाळव्याकडे जन्मलेला, म्हणजे तोही परमुलुखीच. त्याची सही चालेना. शेजारच्या दोघांचीही तीच कथा. साऱ्या संस्थानात हद्दीच्या आत जन्मलेला, लिहिता येणारा एकच पाटील सापडला. त्याच्या आईचं माहेर सासरच्याच गल्लीत होतं. ते रामगोंडा पाटील.

घरून निघताना शरयूनं विचारलं, "नोकरी गेली तर वाईला जायचं का?" तिनं चिडवायला विचारलं नव्हतं. घरात दोन लहान मुली होत्या. वाटेत सायकल मला जड लागत होती. पाटील 'उद्या या' म्हणाले तर काय बोलायचं, याची तयारी मी सात मैल करत होतो.

पोचल्यावर आधी आकारामाचा परवाना दिला. त्यानं तो उलटा धरून पाहिला, मुंडाशात खोचला, हद्दीचा दगड ओलांडून आला आणि पहिल्यांदा काहिलीत स्वतः डोकावला. "इतकं दीस नुस्ता वासावर हुतो," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. वाफेमुळे असेल.

मग मी माझा अर्ज पुढे केला. सगळे रकाने भरलेले, सातवा रिकामा. मला असं कोणतं काम येतं, जे इथं कुणाला येत नाही, याचा मी दोन दिवस विचार केला होता. रेघा मारता येतात. पण पाटलांच्या सुनेची रांगोळी मी दारात पाहिली होती. ती पट्टीशिवाय माझ्याहून सरळ मारते.

पाटलांनी मला बसवलं. रस दिला, पानावर गरम गूळ दिला. मी संपवेपर्यंत कागदाला हात लावला नाही. मग हात धुतले, चष्मा लावला, सगळे रकाने ओठ हलवत वाचले.

"आजच पायजे?" त्यांनी विचारलं.

"आज मिळाला तर उपकार होतील, पाटील."

त्यांनी मान हलवली, माझा टाक घेतला आणि मांडीवर पाट ठेवून सावकाश, ठसठशीत अक्षरात सातवा रकाना भरला. सही करून कागद माझ्या हातात दिला. त्यात लिहिलं होतं: "आलेल्या माणसास उभे ठेवून उद्या या म्हणणे. हे काम आमच्या गावी कोणासही येत नाही."

मी दोनदा वाचलं. मान वर करायची लाज वाटली. पाटील तोवर माझ्या मुलींसाठी गुळाची लहान ढेप फडक्यात बांधत होते.

दुसऱ्या दिवशी तो अर्ज मी रावसाहेबांपुढे ठेवला. त्यांनी सातवा रकाना नीट वाचला, समाधानानं हुंकार दिला आणि खाली शेरा मारला: "मंजूर. इसम कचेरीस अत्यंत आवश्यक."