अर्ध्या भावाच्या शेंगा

सकाळी निघताना तिनं नवऱ्याला दोनदा बजावलं होतं, "येताना अंडी, टोमॅटो आणि ब्रेड. बाकी काही नको." आज संध्याकाळी तिचा कापड बेतायला शिकण्याचा वर्ग होता. आधी दोनदा बुडाला होता. आज बुडाला तर मास्तर पटावरून नाव काढून टाकणार, आणि मग कारखान्यात जन्मभर दुसऱ्यानं बेतलेल्या शर्टांना कॉलर जोडत बसायचं. टोमॅटो परतायचे, वर अंडी फोडायची, की जेवण तयार. एवढं सोपं होतं.

नवरा रंगारी, कामाला चोख. पण बाजारात शिरला की त्याच्या अंगात यायचं. गेल्या खेपेला त्यानं बोराएवढे कांदे आणले होते, पिशवीभर. त्याआधी रात्रभर भिजवल्याशिवाय शिजणार नाही असा सुका वाटाणा. वर्ग बुडाले ते त्यापायीच.

आज तो ओट्यावर पिशवी रिकामी करत म्हणाला, "बाजार उठता उठता गाठला. मटार, अर्ध्या भावात! चार दिवस बघायला नको."

"आणि अंडी?"

"महाग होती गं."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी सवयीनं ती शेंगांचं ताट घेऊन बसलीच. शेंगा बारक्या, अर्ध्या पोचट. नखं हिरवी झाली, पण वाटीचा तळही झाकला नाही. घासाघीस करताना याला सगळं सुचतं, फक्त आपले हात तेवढे फुकटचे! ती उठली आणि ताट त्याच्या पुढ्यात आदळलं.

"स्वस्त मिळाल्या ना? सोला मग."

"मी? अगं, दिवसभर शिडीवर उभा होतो."

"आणि मी काय झोपाळ्यावर झुलत होते?"

सासूबाई खाटेवरून ऐकत होत्या. आधीच्या दोन्ही वेळी त्या मूग गिळून गप्प बसल्या होत्या. आज पुढे सरकल्या नि लेकाच्या हातात शेंग कोंबली.

"सोल. तुझे वडीलही असंच स्वस्तात आणायचे. माझ्या सगळ्या संध्याकाळी सोलण्या-निवडण्यात गेल्या. मलाही काहीबाही शिकायचं होतं." मग सुनेकडे न बघताच म्हणाल्या, "जा गं तू."

तिला भरून आलं, आणि तितकाच रागही आला. हेच आधी बोलल्या असतात तर! तिनं कात्री पिशवीत टाकली, चपला चढवल्या आणि उपाशीपोटीच निघाली. जिन्यात तिला नवऱ्याचा रडवेला आवाज ऐकू आला, "आई, वाटी भरतच नाही गं!"