लाल रंगाच्या खालचा मी

मी एक जुना प्रायमरचा, म्हणजे रंगाआधी देतात त्या अस्तराचा, थर आहे. मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलेले नाही आणि माझे दुखणे नेमके तेच आहे.

बबडीने पुठ्ठ्याच्या नळीला हलक्या लाकडाचे पंख चिकटवून रॉकेट बनवले. लाकडातल्या रेषा तिने लांबीने, म्हणजे पुट्टीने, भरल्या आणि वर माझा करडा फवारा मारला. लगेच रंग द्यायला ती उतावीळ झाली होती. तिचे काका गॅरेजमध्ये गाड्या रंगवत. ते म्हणाले, "वाळू दे गं आधी! घाई केलीस तर सगळ्यावर पाणी पडेल."

मी वाळलो. मग बबडीने बारीक पॉलिश पेपरने मला घासघास घासले. उंचवट्यांवरून मी निघून गेलो, खड्ड्यांत तेवढा उरलो. पुन्हा फवारा, पुन्हा घासणे. माझे अंग नुसते सोलून निघाले.

आणि मग आला लाल! दोन फवाऱ्यांत आटोपून हा पठ्ठ्या लागला मिरवायला. बबडीच्या मैत्रिणी पंखांवरून बोट फिरवून म्हणायच्या, "अय्या, किती गुळगुळीत! रंग कुठून आणलास गं?" माझा तिळपापड व्हायचा. एकदा तरी मी लोकांना दिसावे, एवढीच माझी इच्छा होती.

रॉकेट उडाले आणि उतरताना खडीवर आपटले. पंखावरून लालचा टवका उडाला. अहाहा, केवढे ऊन! मी दिसत होतो!

बबडी ओरडली, "काका, रंग गेला!"

म्हणजे समोर मी, तरी नाव त्याचेच.

रॉकेट तसेच खिडकीत राहिले. दमट हवा माझ्यातून आत झिरपू लागली, खालचे लाकूड फुगू लागले. मला काही ते अडवता येईना. काकांनी पंख चाचपला. "प्रायमर उघडा ठेवून कसं चालेल? पाणी पितो तो. पंख वाकला तर हे पुन्हा सरळ उडायचं नाही."

हे ऐकून तर मी आणखीच जळलो. मला त्या लाल रंगाची गरज होती!

बबडीने पंख सुकवला, कडा घासल्या, माझा नवा हात दिला. या वेळी कोणी न सांगता ती थांबली. मग लाल आला आणि माझे ऊन गेले.

मित्रांनो, गुळगुळीत रंगाला जरूर शाबासकी द्या, पण खालच्याला वाळायला वेळही द्या. आणि टवका उडाला तर आम्हाला उघडे टाकू नका. लालवर मी अजूनही जळतो. पण त्याला धरले आहे ते मीच, आणि मी सोडणार नाही.