अख्खा क्लब बॉट ठरला

ग्लेनिस पॉलार्डचा फोटो इंग्लंडमधल्या हॅदरथॉर्प गावच्या कामगार क्लबात, बारच्या वर, मानाच्या जागी टांगलेला होता. का नसावा? कार्यक्रमांच्या तिकिटांच्या काळ्या बाजाराविरुद्ध सह्या गोळा करत ती दारोदार हिंडली होती, आणि खासदाराला तिने इतकं भंडावून सोडलं होतं की तो तिला पाहून रस्ता बदलायचा. डोळ्याची पापणी लवायच्या आत शेकडो तिकिटं ओरबाडणारे ते बॉट नावाचे प्रोग्राम वापरणं शेवटी कायद्याने गुन्हा ठरलं. कायदा देशभरच्या लोकांच्या ओरडीने झाला होता, पण हॅदरथॉर्पपुरता तो ग्लेनिसचाच.

आणि मग गायिका लोर्ना हेगने निरोपाचा कार्यक्रम जाहीर केला, शेफिल्ड शहरात. लोर्ना याच गावच्या खाणकामगाराची पोर. ती पहिल्यांदा गायली ती याच क्लबात, आणि तेव्हापासून कित्येक वर्षं तिच्या साथीला पियानोवर होती एनिड, ग्लेनिसची जिवाभावाची मैत्रीण. एनिडचे कान आता झपाट्याने जात होते. नाताळनंतर काही ऐकू येईल अशी आशा धरू नका, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. तिला एकच हवं होतं, लोर्नाला एकदा समोर बसून ऐकायचं.

तिकीटविक्रीच्या सकाळी सगळे क्लबात जमले, कारण गावात धड इंटरनेट तिथेच. चहा झाला, बेकन घातलेले पाव झाले. समुद्रावरच्या सहलीला जायचं तर क्लबाचं एकच कार्ड आणि क्लबाचाच पत्ता वापरायचा, ही तिथली वर्षानुवर्षांची रीत. पैसे आधीच जमा, बस एक, मग भानगड कशाला? याही वेळी तेच केलं. दहाचा ठोका पडला आणि तीसेक म्हाताऱ्या बोटांनी आपापल्या फोनवर एकदमच बटण दाबलं. सगळ्यांना तिकिटं मिळाली! फ्रँकने तर एनिडला धरून दोन गिरक्या घेतल्या.

दुपारी सगळी तिकिटं रद्द झाली. एकाच क्षणी, एकाच पत्त्यावरून, एकाच कार्डाने खरेदी. तिकीट विकणाऱ्या कंपनीच्या लेखी हा बॉटच.

ग्लेनिसने फोन लावला, स्पीकरवर ठेवला. पलीकडची मुलगी बिचारी गोड होती. ग्लेनिसने एकेकाला पुढे ढकललं आणि प्रत्येकाने आपलं नाव सांगितलं. कुणी खोकलं, कुणी गुडघेदुखीचं रडगाणं लावलं. फ्रँकने तर, बॉटला मूळव्याध होते का, असं विचारलं. ती मुलगी खळखळून हसली. चार तिकिटं तिने परत मिळवून दिली, पण एका कार्डावर चारच ही मर्यादा होती, आणि बाकीची एव्हाना विकली गेली होती.

"कायदा फार कडक झालाय हो आता," ती म्हणाली. "तुमच्यासारख्यांसाठीच केलाय."

ग्लेनिसने फोन ठेवला. मग फ्रँकने बारच्या वर पाहिलं.

"ग्लेनिसबाई, तो फोटो आता भिंतीकडे तोंड करून लावूया का गं?"

ग्लेनिसला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एक तिकीट एनिडचं, यावर वाद नव्हताच. उरलेल्या तीन तिकिटांसाठी चिठ्ठ्या टाकल्या, रविवारी क्लबात मटणाच्या बक्षिसाची सोडत निघते त्याच पिंपात. तिसरी चिठ्ठी ग्लेनिसची निघाली. ती घाईघाईने परत पिंपात टाकू लागली तर फ्रँकने मनगट धरलं.

"टाकू नकोस. नियम म्हणजे नियम, हे तूच शिकवलंस आम्हाला. आणि तिच्या शेजारी बसायला कुणीतरी पाहिजेच ना?"

कार्यक्रमाला बस मात्र भरून गेली. ज्यांना तिकीट नव्हतं ते सभागृहाबाहेर बसमध्येच बसले, खिडक्या उघड्या टाकून, मांडीवर डबे घेऊन. त्यांना ऐकू आला तो फक्त ढोलाचा ठोका.

आत लोर्ना गायला लागली. एनिडचा चेहरा कोरा होता. एवढा खटाटोप केला आणि उशीर झाला! ग्लेनिसने एनिडचा हात हातात घेतला आणि तळव्यावर ताल धरला. शेवटी लोर्नाने ते जुनं गाणं घेतलं, क्लबातलं. साथीला नुसता पियानो. हळूहळू एनिडची बोटं हातातून सुटली आणि ग्लेनिसच्या गुडघ्यावर चालायला लागली. दुसऱ्या ओळीपाशी बोटं थबकली, हवेतच थांबली, मग पुन्हा गुडघ्यावर पडली. नेमका त्याच क्षणी लोर्नाचा सूर लागला.

ग्लेनिसला रडू आवरेना.

बसमध्ये चढल्यावर सगळ्यांनी एनिडला गराडा घातला. ऐकू आलं का, असं फ्रँकने तिच्या कानाशी ओरडून विचारलं.

"अजूनही मेली दुसऱ्या ओळीला उशिराच येते," एनिड म्हणाली. "आयुष्यभर मी तिच्यासाठी थांबले. आजही थांबले."