खोटं बोलणारं केळं

बुऱ्हाणपूर जिल्ह्यात देडतलाईच्या पुढे जंगल सुरू होतं, तिथे दर गुरुवारी इतकी गर्दी लोटते की ट्रॅक्टर लावायला जागा मिळत नाही. लोक येतात ते लीलाधर महाराजांपुढे हात पसरायला. काही मागायला नव्हे, हात तपासून घ्यायला. सेवक प्रत्येकाच्या उजव्या तळहाताला ओली हळद चोळतो. मग माणूस महाराजांसमोर बसून एक वाक्य बोलतो. मी दारू सोडली, मी भावाचा बांध कोरला नाही, असं काहीतरी. महाराज डोळे मिटतात, शेजारच्या दोन तांब्यांपैकी एक उचलतात आणि हातावर पाण्याची धार सोडतात. खरं बोलणाऱ्याचा हात पिवळाच राहतो. खोटं बोलणाऱ्याचा हात सगळ्यांदेखत लालभडक होतो.

"जबान झूठ बोल सकती है बच्चा," महाराज माइकवरून सांगतात, "हाथ नहीं. हाथ में सीधे ब्रह्मांड की वायरिंग है."

ब्रह्मांडाची वायरिंग! आणि माझ्या शेजारी उभा असलेला, आयटीआय झालेला वायरमन हात जोडून मान डोलावत होता.

लाल हाताच्या माणसाला महाराज टाकून देत नाहीत, एवढे ते दयाळू. त्याने आश्रमाच्या केळीच्या बागेत पंधरवडाभर सेवा करायची. सेवा संपली की हळद लावून हात पुन्हा लाल करून दाखवतात, त्यावर 'क्षमातीर्थ' शिंपडतात आणि तो पिवळा होतो. केळी काढायच्या हंगामात खोटं बोलणारे एकदम वाढतात, हे मी तिथल्या एका बाईला बोलून दाखवलं, तर ती म्हणाली, "कलियुग आहे ना, ताई."

तांब्यात रंग असणार अशी माझी खात्री होती. म्हणून तीर्थ मागायच्या निमित्ताने मी त्यातलं पाणी ओंजळीत घेऊन पाहिलं. काचेसारखं स्वच्छ. मी बुऱ्हाणपूरला शाळेत गणित शिकवते. उत्तर चुकीचं आहे हे कळत होतं, पण पायरी कुठे चुकली ते सापडेना. नुसती चिडचिड घेऊन घरी आले.

तिथे मी जायचे ते माझ्या थोरल्या बहिणीसाठी. आशाबाईचा नवरा गेला, तेव्हा ती चार वर्षांच्या निशाला घेऊन दर्शनाला म्हणून गेली आणि आश्रमाच्या स्वयंपाकघरातच राहिली. भेट व्हायची ती दारात उभ्या उभ्या, मध्ये एक सेविका बसवून. निशा तिथेच वाढली. एकोणिसावं लागल्यावर तिचं लग्न दुप्पट वयाच्या एका सेवकाशी ठरवलं, तेव्हा ती बसमध्ये बसली आणि माझा पत्ता विचारत बुऱ्हाणपूरच्या शनवारा भागात माझ्या घरी आली.

पोरगी सुटली, आता सगळं सुरळीत होईल असं मला वाटलं. कसलं काय! पाणी प्यायच्या आधी ती विचारायची, "मावशी, आज्ञा आहे का?" दुकानात दोन ड्रेस पुढे ठेवून म्हटलं, तुला कोणता हवा ते सांग, तर रडायला लागली. रिकामं बसणं पाप, म्हणून दिवसभर गच्ची, मोरी, ओटा आणि दार अशा येरझारा घालायची. तिला पाहून मलाही खुर्चीत बसवेना. साबणाला तर हात लावायची नाही. त्यात चरबी असते आणि चरबीने पापाचा थर चढतो, अशी महाराजांची शिकवण. आंघोळीला मुलतानी माती. मी म्हटलं, असू दे, सवयी हळूहळू सुटतात.

एका रविवारी सकाळी आशाबाईचा फोन आला. स्वयंपाकघरातल्या बायकांना मिळून एक साधा फोन होता. तिने विचारलं, "नामजप चालू आहे ना?" निशा म्हणाली, "हो आई, रोज." जप तिने केव्हाच सोडला होता.

दुपारी आम्ही कच्च्या केळ्यांचे वेफर करायला बसलो. निशा केळी सोलून काप करत होती आणि हळदमिठाच्या पाण्यात टाकत होती. केळ्याच्या चिकाने आणि हळदीने तिचे हात चांगलेच माखले. "हा चीक मातीने जायचा नाही," मी म्हटलं, "घे ती साबणाची वडी, कुणी मरत नाही." तिने जरा वेळ वडीकडे पाहिलं आणि घेतली. मी कढई उतरवायला वळले.

परत पाहिलं तर नळ चालूच होता आणि ती तळहात बघत उभी होती. लाल. तिने नळ बंद केला. हात पुसले, आत गेली आणि पिशवीत कपडे भरायला लागली.

"कुठे निघालीस?"

"आश्रमात. बस मिळेल ना आत्ता?"

"अगं, झालं काय?"

"सकाळी आईशी झूठ बोलले मी. इतक्या दूर येऊनही हात लाल झाला, मावशी. मतलब ते खरं आहे. सगळं खरं आहे."

मला आधी स्वतःचाच संताप आला. हळदीचा डाग साबणाने लाल होतो, हे मी जन्मभर धुण्यात पाहत आले. आपलं कुंकू तरी कशाचं होतं? हळद आणि चुना. जे घरच्या मोरीत रोज दिसतं, तेच आश्रमात माइक लावून दिसलं की आपली अक्कल चपलांबरोबर बाहेर राहते. मी तिला घाईघाईने सगळं सांगितलं. तिने कपडे भरणं थांबवलं नाही.

मी माझ्या हाताला हळद फासली. "माझं नाव सुमन," म्हटलं आणि साबण चोळला. हात लाल झाला. "बघ! यात काय खोटं आहे?"

"तुम्ही आधी कधीतरी खोटं बोलला असाल. हात सब याद रखता है."

महाराजांनी कुंपण पक्कं घातलं होतं. तेवढ्यात मला हळदीच्या पाण्यातले काप दिसले. एक पिवळाधमक काप उचलून मी तिच्या हातावर ठेवला आणि म्हटलं, "याला साबण लाव."

तिने लावला. काप लाल झाला.

"आता सांग, हे केळं काय खोटं बोललं?"

तिने पिशवी खाली ठेवली. दुसरा काप घेतला, तिसरा घेतला. मग अचानक विचारलं, "लिंबू आहे?" लिंबू पिळताच लाल काप पुन्हा पिवळा झाला. तिने तो काप नाकाशी नेला आणि खाली बसली.

"दर बुधवारी आम्ही पोरी लिंबं पिळायचो," ती म्हणाली. "टोपलीभर. महाराजांचं सरबत म्हणून. क्षमातीर्थाला तोच वास यायचा. आणि चुन्याचा माठ रात्रभर ठेवायचा, वरचं नितळ पाणी तांब्यात भरायचं. त्याने पाणी थंड राहतं म्हणे."

चुन्याची निवळी! एका तांब्यात ती, दुसऱ्यात साधं पाणी. कोणता तांब्या उचलायचा, हे रांगेत लोकांच्या गप्पा ऐकणारे सेवक आधीच सांगून ठेवणार. आणि आश्रमात साबण का चालत नव्हता, तेही आता उघड झालं. कुणी हळदीच्या हाताला साबण लावला असता, तर महाराजांची सिद्धी मोरीतच वाहून गेली असती.

मला वाटलं, आता ती हसेल. तिचा चेहरा मात्र पांढरा पडला होता.

"मी नऊ वर्षांची असताना गूळ चोरीला गेला होता. मी नाही म्हटलं, तर हात लाल झाला. आई महिनाभर माझ्याशी बोलली नाही. मग मी कबूल केलं." तिने तळहात पालथा केला. "मावशी, मला आठवतं मी डबा उघडला ते. गुळाची चव पण आठवते. मी घेतलाच नव्हता, तर मग हे कुठून आठवतं?"

हळदीची युक्ती एका दुपारी कळते. स्वतःच्या आठवणीपेक्षा परक्याच्या तांब्यावर विश्वास ठेवायला शिकलेलं लेकरू परत आणायला किती काळ लागतो, ते मला माहीत नाही. मी तिला जवळ घेतलं आणि दोघी रडलो.

मग ती उठली आणि तिने आईला फोन लावला.

"मले माहीत होतं, तू परत येशील," आशाबाईने सुरुवात केली.

"आई, तू एकटी आहेस का?"

"भाजी निवडून राहिली. काहून?"

"तुझ्या तंबाखूची चुन्याची डबी आहे ना जवळ?"

आशाबाईचा आवाज एकदम खाली आला. आश्रमात तंबाखू बंद होती. "तुले कोणी सांगितलं?"

"मला लहानपणापासून माहीत आहे. आई, माझं ऐकू नको. मावशीचं ऐकू नको आणि महाराजांचंही ऐकू नको. तू स्वतः करून बघ. तळहाताला हळद लाव. जी गोष्ट तुला शंभर टक्के खरी माहीत आहे, ती मोठ्याने बोल. मग चुना पाण्यात कालवून हातावर टाक."

"महाराज खोटे आहेत म्हणतेस?"

"मी काहीच म्हणत नाही. हात पिवळा राहिला तर सांग. उद्याच्या पहिल्या बसने मी परत येते."

मी तिचा दंड धरला. ही कसली पैज? आशाबाईला लेक परत हवी होती. पिवळा राहिला एवढंच म्हणायचं होतं तिला, पाहायला तिथे कोण होतं? निशाने फोन स्पीकरवर टाकला. भांडं सरकल्याचा आवाज आला. डब्याचं झाकण पडलं. मग माझ्या बहिणीचा आवाज आला, शाळेत कविता म्हणायची तसा, प्रत्येक शब्द सुटा.

"मी आशा. मी निशाची आई आहे."

पाणी पडल्याचा आवाज झाला. निशा ओठ चावत फोनकडे पाहत होती.

"निशा," आशाबाई म्हणाली, "लाल झाला गं."