मार्सेलिनचा गुडघा

आमच्या घरात चौघं राहतात. मी, माझी बायको मार्सेलिन, आमची मुलगी कॅरेन आणि मार्सेलिनचा उजवा गुडघा. सगळ्यात जास्त लाड या चौथ्याचे. त्याला बर्फ लागतो, उशी लागते, सोफ्याची बरी बाजू त्याच्यासाठी राखून ठेवावी लागते. गेल्या चार वर्षांत तो तीनदा ऑपरेशनला जाऊन आला आणि तिन्ही वेळा त्याच्यामागे पळापळ केली ती मी, म्हणजे मानवेलने. तेव्हा या विषयावर बोलायचा मला हक्क आहे आणि मी बोलणार.

मार्सेलिन बेसबॉल खेळते. वय वर्षं सेहेचाळीस. लग्नाआधी वसईला सॉफ्टबॉल खेळायची, महाराष्ट्राच्या टीममध्ये होती. मी तिला पहिल्यांदा बघायला गेलो तेव्हा तिने चहाचा ट्रे डाव्या हाताने पुढे केला, कारण उजव्या हाताची दोन बोटं प्लास्टरमध्ये होती. शहाणा माणूस चहा पिऊन परत गेला असता. सिडनीला आलो, क्वेकर्स हिलला घर घेतलं, आणि सामानाचे खोके फुटायच्या आत तिने बायकांचा बेसबॉल क्लब शोधून काढला. मला तोपर्यंत तांदूळ कुठे मिळतात तेही कळलं नव्हतं.

त्यातही ती कॅचर. म्हणजे बॅट घेतलेली बाई उभी असते तिच्या पाठीमागे उकिडवं बसायचं, तोंडाला जाळी, अंगाला चिलखत, आणि पिचर समोरून जो बॉल भिरकावेल तो जाडजूड ग्लोव्हमध्ये धरायचा. धरला की उठायचं, परत बसायचं. शाळेत आम्हाला उठाबशा शिक्षा म्हणून काढायला लावायचे. ही बाई क्लबची फी भरून काढते.

व्हायचं तेच झालं. पहिल्यांदा गुडघ्यातली गादी फाटली. ती शिवली, ही खेळली, मग लिगामेंट गेलं. तेही जोडलं. तिसऱ्यांदा आत काय उरलं होतं कोण जाणे, ते साफ करून घेतलं. त्या वेळी सर्जनने स्पष्ट सांगितलं की चाला, पोहा, सायकल चालवा, खेळा, पण उकिडवं बसणं कायमचं बंद, नाहीतर अख्खा गुडघा बदलावा लागेल. स्कोफिल्ड्सला आमची फिजिओ आहे, सुखदा, पुण्याची. तिने तेच मराठीत आणखी कडक करून सांगितलं. मला इतका आनंद झाला की येताना मी केक घेऊन आलो. मार्सेलिनने केक खाल्ला आणि दोन दिवस कोणाशी बोलली नाही.

आता ती का बोलली नाही ते सांगतो. आमची कॅरेन पिचर आहे. पहिल्या ऑपरेशनच्या वेळी ती शाळकरी पोर होती, मागच्या अंगणात आईला बॉल टाकायची. मधल्या चार वर्षांत आई सोफ्यावर आणि लेक ताडासारखी. या उन्हाळ्यात तिला बायकांच्या टीममध्ये घेतलं, आईच्याच क्लबच्या. आणि फेब्रुवारी संपला की ती चालली पाच तासांवरच्या वाग्गाला, युनीत, गुरांची डॉक्टर व्हायला. म्हणजे मायलेकी एका टीममध्ये असायचा हा एकच सीझन. पुढे कॅरेन तिथल्याच क्लबात खेळणार, सुट्टीला आली तर आली.

"मला काही कप नकोय," मार्सेलिन एका रविवारी चर्चमधून, मिसाहून घरी येताना गाडीत म्हणाली. "एक मॅच. खऱ्या मॅचमध्ये एकदा तिचे बॉल धरायचेत. दुसऱ्याच कोणी तरी बाई धरते आणि मी बाकावर बसून बघते, मला नाही सहन होत."

मी म्हटलं, "अगं, आया बाकावर बसूनच टाळ्या वाजवतात." तिने काच खाली केली आणि घर येईपर्यंत बाहेर बघत बसली.

उपाय नव्हता अशातला भाग नाही. कॅरेन महिनाभर कानीकपाळी ओरडत होती की हल्ली कॅचर उकिडवे बसतच नाहीत, एक गुडघा जमिनीला टेकवतात आणि दुसरा पाय बाजूला मोकळा सोडतात. तुझा डावा धडधाकट आहे, तो टेकव, उजव्याला आराम दे. पण मार्सेलिन ऐकेल तर शपथ. वसईला तिचे कोच होते उल्हास सर. ते म्हणायचे, कॅचरने गुडघा टेकला की बॅग भरायची आणि घरी जायचं. सरांनी सांगितलं ते सांगितलं. तीन ऑपरेशनं झाली, सुंभ जळला, पण पीळ होता तिथेच.

मग जानेवारीतल्या एका शनिवारी मी ब्रीम मासे आणले. मार्सेलिनला खाली बसता येईना तेव्हापासून मासे साफ करायचं काम माझ्याकडे आलं होतं. किचनच्या ओट्यावर, सुरीने. त्यात माशाचाही अपमान व्हायचा आणि माझाही. त्या दिवशी ती दाराशी उभी राहून बघत होती. मी अर्धा मासा खवल्यांबरोबर काढून टाकल्यावर तिला राहवेना.

"सरक," ती म्हणाली. गॅरेजमधून तिने तिच्या आईची विळी काढली, मागच्या पडवीत पेपर पसरले आणि बसली. मी "अगं, अगं" करेपर्यंत बसलीसुद्धा. डावा पाय दुमडून गुडघा खाली टेकलेला, उजवा पाय बाजूला पसरून विळीच्या पाटावर टाच दाबलेली, आणि हात असे चालले जसे कधी थांबलेच नव्हते.

तेवढ्यात कॅरेन बाहेर आली. आईकडे बघितलं आणि जागीच थांबली. "मम, डोन्ट मूव्ह," म्हणत ती आत पळाली, बॉल घेऊन आली आणि कुंपणाला पाठ लावून उभी राहिली. मार्सेलिनने मान वर करायच्या आत तिने बॉल टाकला, हलकेच. मार्सेलिनचा डावा हात आपोआप वर आला. बॉल त्यात. उजव्या हातात माशाचं डोकं. कॅरेनने परत मागून घेऊन आणखी एक टाकला, मग डावीकडे एक, उजवीकडे एक. सगळे धरले.

मग मार्सेलिनने खाली आपल्या गुडघ्याकडे बघितलं. "हे काय," ती म्हणाली, "मी तर टेकूनच बसलेय." जसा काही तो दुसऱ्याच कोणी आणून ठेवला होता.

"उल्हास सर आता क्वेकर्स हिलला बघायला येत नाहीत," मी म्हटलं. त्यावर ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं, आणि हात माशाचे म्हणून पुसताही येईना. मीही हसलो. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला की मानवेल, हात दाखवून अवलक्षण केलंस. आता ही खेळणार.

पुढे सगळं भराभर झालं. सुखदाने तिला तसं बसायला, उठायला, वळायला लावून बघितलं आणि नाइलाजाने हो म्हणाली. अट एकच, कोणी धावत अंगावर आलं तर बाजूला व्हायचं. रोज संध्याकाळी अंगणात प्रॅक्टिस सुरू झाली. मी रोज बटाट्याचं पोतं उचलल्यासारखा चेहरा करून खुर्चीत बसायचो. क्लबची कोच शेरिल म्हणाली, नो वरीज, शेवटची मॅच, पहिले तीन डाव तू कर, मग बघू.

मॅच रविवारी दुपारी होती. ऊन मरणाचं. मी घडीची खुर्ची जाळीच्या कुंपणाला लावून बसलो होतो, गेटच्या अगदी शेजारी, म्हणजे काही झालं तर धावायला बरं. मार्सेलिन चिलखत घालून बाहेर आली. डावा गुडघा टेकून बसली. कॅरेन समोर उभी राहिली, आईकडे बघितलं आणि पहिला बॉल टाकला.

काय सांगू, झोपलेल्या बाळावर पांघरूण घालावं तसा बॉल आला. दुसराही तसाच. माझी लेक एरवी असा बॉल टाकते की कुंपणामागचे बाप एक पाऊल मागे सरतात, आणि आज हे. समोरच्या बायांनी तो मनसोक्त बडवला. पहिल्याच डावात चार रन गेले. मला मात्र बरं वाटत होतं, गुणाची ग माझी बाय, आईला जपतेय. कॅरेनने माझ्याकडे बघितलं तेव्हा मी अंगठा वर केला.

दुसऱ्या डावात तसाच आणखी एक बॉल आला आणि मार्सेलिनने हात वर करून अंपायरला थांबवलं. जाळी डोक्यावर सरकवली आणि चालत कॅरेनपर्यंत गेली. खेळाडू असं काही बोलताना तोंडापुढे ग्लोव्ह धरतात, दुसऱ्यांना कळू नये म्हणून. मार्सेलिनला त्याची गरज नव्हती. तिने खणखणीत मराठीत सुनावलं, आणि त्या मैदानावर ते कळणारा तिसरा माणूस मी एकटा होतो.

"चार वर्षं घरात सगळे माझ्याशी हळू वागताहेत," ती म्हणाली. "हळू बोलतात, हळू हसतात, हातातली पिशवी काढून घेतात. मी काही बोलले का? पण इथे नाही. मला तुझा बॉल पाहिजे. हा नको."

"मम, यू'ल गेट हर्ट."

"लागलं तर माझं मी बघीन. आणि डॅडीकडे बघू नकोस."

मी अंगठा खाली केला. कोणी बघतंय का म्हणून इकडेतिकडे बघितलं. खरं सांगतो, मला लागलं ते. या बाईला मी पाणी दिलं, मोजे घातले, बाथरूमच्या दारापाशी उभा राहिलो, जिन्यावर पुढे चाललो. ते सगळं मी प्रेमाने केलं, खोटं कशाला बोलू. पण तिला उठता येतंय का हे बघायला मी कधी थांबलोच नाही. तिने हात पुढे करायच्या आत माझा तिथे असायचा. आता मुलगीही तेच शिकली होती, आणि माझ्याकडूनच शिकली होती.

मार्सेलिन परत येऊन बसली. कॅरेनने टोपी काढून घाम पुसला, टोपी घातली आणि टाकला. बॉल मला दिसलाच नाही, फाट असा आवाज तेवढा आला. बॅटवाली बाई बॅट खांद्यावर ठेवून तशीच उभी. माझ्या शेजारचा म्हातारा म्हणाला, "जीझ, मेट." मार्सेलिनने ग्लोव्हमधला हात झटकला, चिंच खाल्ल्यासारखं तोंड केलं आणि जाळीआडून दात दाखवले. त्यानंतर त्या डावात एकीलाही बॉलला बॅट लावता आली नाही.

तिसरा डाव. त्यांच्या दोघी बाद झालेल्या, एक मुलगी तिसऱ्या बेसवर, घराकडे म्हणजे मार्सेलिनच्या पुढ्यातल्या होम प्लेटकडे पळायला टपलेली. बॉल मार्सेलिनच्या मागे गेला की रन. कॅरेनने जोर लावला आणि बॉल खाली पडला, मार्सेलिनच्या पुढ्यातच, मातीत. मार्सेलिनने हात नाही घातला, अख्खं अंग घातलं. बॉल छातीवर आदळला आणि ती उजव्या कुशीवर कोसळली. तशातही तिने बॉल चाचपून मुठीत धरला. तिसऱ्या बेसवाली मुकाट परत फिरली.

मी कधी उठलो मला माहीत नाही, खुर्ची मागे मिटून पडली होती आणि माझा हात गेटच्या कडीवर होता. मार्सेलिन उठत नव्हती. अंपायर, भला माणूस, खेळ थांबवून खाली वाकला आणि छोट्या ब्रशने होम प्लेट झाडायला लागला. प्लेट स्वच्छ होती. तो उगाच झाडत होता, तिला वेळ मिळावा म्हणून.

कॅरेन दोन पावलं धावली आणि थांबली. मला तिचा चेहरा दिसत होता, रडवेला झाला होता. पण ती पुढे आली नाही. तिने ग्लोव्ह वर केला आणि बॉलची वाट बघत उभी राहिली. तिला जमलं तर बापालाही जमायला हवं होतं. मी कडी उघडली नाही. देवाशपथ सांगतो, तिन्ही ऑपरेशनांच्या वेळी बाहेर बसलो होतो ते याच्यापुढे सोपं होतं.

मार्सेलिनने एक हात जमिनीवर ठेवला. मग डावं पाऊल. जरा थांबली. मग उजवं. आणि ती उभी राहिली, पँटवरची माती झटकली, आणि बॉल असा फेकला की कॅरेनचा ग्लोव्ह मागे गेला.

कॅरेनने ग्लोव्हमधून हात काढला, लाल झालेल्या तळव्यावर फुंकर मारली आणि पोट धरून हसायला लागली. "मम, दॅट रिअली हर्ट."

"हसतेस काय," मार्सेलिन म्हणाली. "टाक पुढचा."