पाठ आणि पाय

पेटंट कार्यालयातल्या अधिकारी बाईंनी दोन जुनी रेखाचित्रं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि चष्मा काढून डोळे चोळले. सकाळपासूनची ही सातवी सुनावणी होती.

"ही मागे रेलणारी पाठ आधीच नोंदलेली आहे. हे दुमडते पायही. तुम्ही दोन्ही एका खुर्चीत आणलेत, एवढंच. तुमच्या धंद्यातल्या कुणालाही सुचलं असतं."

सुतार चित्रांकडे पाहत राहिला. पाय त्याचेच होते, तरुणपणी काढलेले. पाठ थोरल्या भावाची. वडिलांच्या कारखान्यात मधोमध भिंत घातल्यापासून एकोणीस वर्षं दोघांत बोलणं नव्हतं.

"मग इतक्या वर्षांत सुचलं का नाही कुणाला?" आवाज चढवायचंही त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. पेटंट नाही मिळालं, तर मोठे कारखानदार महिन्याभरात हीच खुर्ची बाजारात आणणार होते.

"तेच लेखी आणा. पाठ ज्यांची आहे, त्यांनाही हे कधी सुचलं नव्हतं, असं त्यांच्या सहीनिशी. मग बघू."

दोन दिवस तो मजकूर लिहिलेला कागद खिशात घेऊन फिरला. तिसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर बायको म्हणाली, "जा एकदाचे. खाणार आहेत का भाऊजी तुम्हाला?"

भिंतीपलीकडे थोरला रंधा मारत होता. त्या रंध्याचा आवाज रोज ऐकू यायचा. केस इतके पिकलेत, हे भिंतीतून कळलं नव्हतं.

धाकट्याने कागद पुढे केला. थोरल्याने तो हातभर लांब धरून दोनदा वाचला.

"यावर मी सही नाही करू शकत."

"वाटलंच होतं. राग गेला नाही तुझा अजून."

"राग कसला? सुचलं होतं मला. भिंत घातली त्याच साली. खोटं कसं लिहून देऊ?"

"मग केली का नाहीस खुर्ची?"

थोरल्याने कागदाची नीट घडी घातली.

"पाय तुझे होते."

धाकटा दारातच उभा राहिला. अर्ज आता बुडाल्यातच जमा होता. तो म्हणाला, "विचारायचं होतंस, दादा."

थोरल्याने बाकावरच्या ढलप्या हाताने बाजूला सारल्या.

"बस. पाठ किती वाकवलीस ते सांग."