कोपरा उडालेला पाटा

ताईनं पाठवलं म्हणून मी भीमपूरकडच्या आमच्या गावी गेलो. तिचे गुडघे आता बसपर्यंतही जाऊ देत नाहीत, आणि तिला आईला पुरलं त्या मातीचा एक फोटो पाहायचा होता. आई गेली तेव्हा ताई शाळेत होती, मी ताईच्या कडेवर. त्यामुळे आठवणी सगळ्या तिच्याकडे. माझ्याकडे फक्त फोन.

खूण पक्की होती. आमच्यात तेव्हा मेलेल्याला पुरत, आणि कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून बाईच्या मातीवर तिचाच पाटा पालथा ठेवत. आईच्या पाट्याचा एक कोपरा उडालेला. ताईनं हे इतक्यांदा सांगितलं की तो मीच उडवला असावा असं वाटायला लागलं.

चुलतभाऊ जीवन तिथंच मास्तर आहे. त्याचं म्हणणं, आधी कुंतलाचा धबधबा पाहून घ्या, मेलेली माणसं कुठं पळून राह्यली. मी मसनवटाच म्हणालो.

मसनवटा म्हणजे दोन कपाशीच्या वावरांमधे नाल्याकाठी उरलेला तुकडा. उंचवटे, बाभळी, बकऱ्या. पाटे सापडले, पण सगळ्यांचे चारी कोपरे शाबूत. जीवननं त्यातल्या एकाचा कोपरा दगडानं उडवून द्यायची तयारी दाखवली. फोटोत काय समजते, म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला.

मग जेवायला त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईनं, बयनाकाकूनं, ज्वारीची भाकर आणि मिरचीचा ठेचा वाढला. ठेचा संपला तशी ती माझ्यासमोरच आणखी वाटायला बसली. पाट्याचा कोपरा उडालेला होता. मी पाहिलं, जीवननं पाहिलं. तो भरलेला तांब्या उचलून पुन्हा भरायला गेला.

मी काकूला विचारलं. तिनं वाटणं थांबवलं नाही.

"मी नवी नवरी, बापू. घरात पाटा नोता. सासू म्हणे, मोठीचा तिकडं रिकामाच पडला हाये."

"म्हणजे आईच्या अंगावरचा?"

"तिनं कदी मागतला नाही. चांगला धुऊन घेतला म्या."

"मग आई कुठं आहे, काकू?"

तिचा हात थांबला. "पाटा होता तोवर मालूम होतं," ती म्हणाली. "मंग पावसानं सारं सपाट केलं. आता नाही सांगता येत."

रडू येईल म्हणून मी जरा थांबलो. आलं नाही. भाकर आली, ती खाल्ली. काकू म्हणाली, पाटा घेऊन जा. मी विचारलं, ठेवू कुठं?

ताईचा फोन आला. पाटा सापडला, आई नाही, असं मी सांगितलं. पाटा कुठं आहे तेही सांगितलं. तिनं एवढंच विचारलं:

"झिजला का रे?"

मी हात लावून पाहिला. मधोमध खळगा पडला होता. झिजला म्हणालो.

"मग राहू दे तिच्यापाशी. तू असं कर, साऱ्या मसनवट्याचाच फोटो काढ. असंनच ती त्यात कुठंतरी."

पुन्हा गेलो. एकात मावेना, म्हणून दोन काढले. बकऱ्या हलत नव्हत्या, त्याही आल्या. दोन्ही पाठवले आणि बाभळीखाली उभा राहिलो.

थोड्या वेळानं ताईचं उत्तर आलं: "दुसऱ्यात आहे."